पेद्रूबाबाचा नवस

ता. ३, रविवार. ठाणें.
आज एक जीव वाचवला! बाळकुमच्या खाडीत एक म्हातारा गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून पुटपुटत उभा. जीव द्यायलाच उतरलेला, शंका नाही. वर बांधावर इसाबेल. मग काय, धोतरासकट उडी. म्हातारा चावला, तरी ओढत काठाला आणला.
"आरं मेल्या, नवस हाय माजा!"
इसाबेलचा बाप निघाला, पेद्रूबाबा! बायकोचा ताप उतरावा म्हणून बोललेला: भरती गळ्याला लागून कमरेला उतरेस्तोवर जागचं हलायचं नाही.
तीन महिने इसाबेल (यापुढे नुसतं इ.) माझ्याकडे बघेल म्हणून झुरतोय. आज बघितलं. नसतं बघितलं तर बरं.

ता. ४
माझा काय दोष? हेतू शुद्ध होता. याच मुद्द्यावर प्राध्यापकांशी भांडून कॉलेज सोडलं. ते म्हणत, परिणामही करणाऱ्याचाच. मी म्हणे, हेतू शुद्ध तर माणूस सुटला. तेव्हापासून तीर्थरूप दादा माझ्याशी बोलत नाहीत. "त्याला सांगा, जेवून घे." आईला सांगतात. मी समोरच्या पाटावर.

ता. ६, बुध.
इ. दारात!! दादा ओटीवरून उठून आत.
"आई पेज घेत नाही. म्हणते, नवस मोडला, आता मी काही उठत नाही. बाबाला खोकला, तो पुन्हा उतरू शकत नाही."
नवस म्हणजे भ्रम, हे मी समजावलं. छान बोललो.
"तुमचा विश्वास नाही, ठाऊक आहे. तिचा आहे. आणि उपाशी ती आहे." मग हळूच, "मोडणारा उभा राहिला तरी चालेल, असं बाबा म्हणतो."
तोंडून 'हो' निघून गेलं. युक्तिवाद अजून अर्धा बाकी होता.

ता. १०, रविवार
पाणी बर्फ. पेद्रूबाबा काठावरून खोकत, "हनुवटी वर! देवाचं नाव घे, कंच्याबी!" इ.ची आई घोंगडी पांघरून बांधावर, मांडीवर पेजेचा वाडगा. पाणी उतरलं की पहिला घोट.
पाणी छातीखाली आलं. आणखी वीतभर, आणि—
"अरे गाढवा, कॉलेज गेलं म्हणून जीव देतोस?"
दादा! कोणी काय सांगितलं देव जाणे. पगडी, जोडे, सगळ्यासकट धक्क्यावरून उडी, नेमकी खोल जागी. मी ओरडतोय, नवस आहे, नवस! ऐकायला दादा वर कुठे होते? जन्म खाडीकाठी गेला, त्यांना पोहता येत नाही हे आज कळलं.
जागा सोडली. ओढून आणलं. (तेही चावले.)
पेद्रूबाबा: "आता ह्यो कोनी मोडला? पोरानं, का बापानं?"
दादा निथळत म्हणाले, "मी मोडला. उद्याच्या भरतीला मी उभा राहतो." मग थेट माझ्याकडे वळून, "तू हात धर माझा. घट्ट."
इ. पदराआड हसत होती.
तिच्या आईने आम्हा दोघांना न्याहाळलं, वाडगा ओठांपर्यंत नेला. प्यायली का, ते दादांच्या पगडीआड दिसलं नाही.