नदीपलीकडचे बाबा

मादलाम्बुझी, प्लमट्रीजवळ
१४ ऑगस्ट २००८

ती. नचिझीदादास,
चेझाचा नमस्कार.

पत्रास कारण आईचा पाय. टाचेवरची जखम महिना झाला तरी भरत नाही. साखर वाढलीय हे दवाखान्यातल्या बाईंनी नुसतं बघून सांगितलं, कारण तपासायची पट्टीच नाही. कागदावर औषधाचं नाव लिहून दिलं आणि नदीपलीकडे, तुझ्या बोत्स्वानात मिळेल म्हणाल्या. आमच्याकडे आता औषधांची नावं तेवढी मिळतात. शाळेत आम्ही नऊ शिक्षक होतो, उरलो दोघी. बाकीचे तुझ्याच फ्रान्सिसटाउनात कुणाची तरी भांडी घासत असतील. तू पाठवलेलं मक्याचं पीठ पोचलं, साबण मात्र वाटेतच कुणाच्या तरी अंगाला लागला. सोबत मोपानेच्या झाडावरच्या सुकवलेल्या अळ्या पाठवतेय. तुझं पोट सुटलंय असं बसचा ड्रायव्हर सांगत होता, तेव्हा बेताने खा.

आता पुढचं वाचून हसू नकोस. आई रोज संध्याकाळी बाबांचं ताट वाढते हे तुला ठाऊक आहे. मंगळवारी दिवेलागणीला मी वह्या तपासत होते, तेव्हा कणगीमागून कुणीतरी हाक मारली. आईला नाही, मला नाही, तुला. ‘नचिझी’, असं तीनदा. सरकारचे बंदूकवाले गावात शिरले आणि तू नि बाबा नदीकडे पळालात तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांचा आवाज मी कुठून ओळखणार? आई मात्र ताट हातात घेऊन रडत उभी होती.

तुझी,
चेझा

फ्रान्सिसटाउन
२३ ऑगस्ट

चि. चेझास,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

आईला घेऊन ताबडतोब निघ. इथल्या दवाखान्यात रांग लांब असते, पण रांगेच्या टोकाला औषध असतं. नळ सोडला की पाणी येतं. पहिल्या वर्षी मी नळापाशी नुसताच उभा राहायचो. पाव तर कापून, कागदात गुंडाळून मिळतो. नाही म्हणायला मुकादम अजून मला ‘पलीकडचा’ म्हणून हाक मारतो. चोवीस वर्षं यांच्या भिंती रचतोय, तरी मी पलीकडचाच. पण पोट भरलेलं असलं की टोमणा पचतो.

हाकेचं म्हणशील तर वारा असेल. रिकामी कणगी घुमते. अंधारात नदीपाशी बाबांची नि माझी चुकामूक झाली, पुढचं मला माहीत नाही, हे मी मागेच कळवलं होतं. पुन्हा विचारू नकोस.

लोभ आहेच, आणखी वाढव.
नचिझी

मादलाम्बुझी
९ सप्टेंबर

ती. दादास,
नमस्कार.

आईची दोन बोटं काळी पडलीत. ती यायला तयार नाही. ती म्हणते, मी तिकडे गेले आणि नेमके हे आले, तर त्यांना दार बंद दिसेल. मी विनवलं, रागावले, एक दिवस जेवले नाही. तिने माझं ताट झाकून ठेवलं, बाबांच्या शेजारी.

कणगी रिकामी नव्हती, दादा. तुझंच पीठ होतं तिच्यात. आणि वाऱ्याला तुझं नाव कसं ठाऊक? काही लपवलं असशील तर आता लिही. पाय जायची वेळ आलीय.

चेझा

फ्रान्सिसटाउन
१५ सप्टेंबर

चेझा,

हे पत्र एकटी असताना वाच.

आमची चुकामूक झाली नव्हती. नदी कोरडी होती. वाळूत मधोमध पोचलो तेव्हा बाबांच्या मांडीला गोळी लागली. तरी माझ्या खांद्यावर हात टाकून ते या काठावर आले, म्हणजे बोत्स्वानात. तिथे बसले ते उठेनात. मागे माणसांचे आवाज आले आणि मी पळालो. त्यांनी मला तीनदा हाक मारली. मी चौदा वर्षांचा होतो. मी वळलो नाही.

सकाळी एका गुराख्याला घेऊन परत गेलो. बाबा गेले होते. आम्ही त्यांना तिथेच बाभळीखाली पुरलं, वर दगड रचले. आईला काय सांगणार होतो? चुकामूक झाली म्हटलं, आणि ते खोटं तिने चोवीस वर्षं ताटात वाढलं. मी दरवर्षी तिथे जातो. दगड नीट करतो, परत येतो. बोलत मात्र नाही.

आईला सांग. मला शाप दिला तरी तसंच लिही.

नचिझी

मादलाम्बुझी
२४ सप्टेंबर

ती. दादास,

सांगितलं. आईने एकच विचारलं, की हाक मारली तेव्हा उजेड होता का? मी म्हटलं, चांदणं असेल. तेव्हा ती म्हणाली, “मग त्यांनी त्याला पळताना पाहिलं. पोर सुटलं हे बघून गेले ते.” तिने तुला शाप दिला नाही. खोटं बोललास म्हणून राग आहे, तो ती समोर काढणार आहे.

बाबांना घरी आणायचं ठरलंय. म्पाफीकाका तिकडे येतायत. दगडांवर काटेरी फांदी ठेवायची, बाबांना घरी चला म्हणायचं, म्हणजे ते फांदीवर बसून येतात, आणि ती फांदी तू आणायचीस. दारात पोचेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. बसमध्ये त्यांची वेगळी जागा धर. बाबा घरी टेकल्याशिवाय आई दवाखान्याची पायरी चढणार नाही, तेव्हा उशीर करू नकोस.

वाट बघणारी,
चेझा

फ्रान्सिसटाउन
१९ ऑक्टोबर

चि. चेझास,
आशीर्वाद.

घरी त्या गडबडीत सांगायचं राहिलं ते लिहितो. सरहद्दीच्या नाक्यावर आपल्याकडून इकडे येणाऱ्यांची रांग पुलापर्यंत होती. तिकडे जाणारे आम्ही दोघंच. खिडकीतल्या मुलीने मला नाव विचारलं. मी गप्प. तिने फांदी पाहिली, काकांकडे पाहिलं आणि आपल्याच कलांगा बोलीत विचारलं, की कुणाला नेताय? काका म्हणाले, माझ्या भावाला. ती उठून उभी राहिली. आमच्या दोन कागदांवर शिक्के मारले, आणि तिसरा माणूस जाईल एवढा वेळ थांबून मगच तिने पुढच्याला बोलावलं. बसमध्ये मोकळ्या जागेवर कुणी बसलं नाही. गाडी गच्च भरली होती तरी.

इथल्या दवाखान्यात आईची दोन बोटं काढली, पाय वाचला. साखर उतरतेय. तिला गादी फार मऊ वाटते आणि पाव कापसासारखा. काल परिचारिकेने तिला समजावलं, की आजी, इथेच राहा मुलाजवळ; इथे पाणी आहे, दिवे आहेत, औषध आहे, तिकडे काय उरलंय? आईने तिचा हात थोपटला.

“माझा माणूस घरी एकटा आहे,” म्हणाली.

शनिवारी तिला घेऊन येतोय. दार उघडं ठेव.

नचिझी