पौषातल्या लाल तारखा

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

पुन्हा तेच! बावीस तारीख लग्नाला गेलेली आणि मला पत्ता नाही. मामाजींनी नांदुऱ्याच्या लोकांकडून बुकिंगचा नारळ घेतला, शब्द दिला आणि सांगायचं विसरले. आमच्या मंगल कार्यालयाच्या वेबसाईटवर बावीस हिरवीगार. आज शेगावहून एक माणूस आला, मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून - "इथं तं खाली दाखवून राह्यलं ना!" वेबसाईटवर संपर्काला नाव माझं. प्राची. नंबरही माझाच. सासऱ्यांनी शब्द द्यायचा, नवऱ्याने जनरेटर बघायचा आणि शिव्या मी खायच्या.

रोज संध्याकाळी गेलेल्या तारखा सांगत जा, एवढंच मागते. "तुह्या मोबाईलच्या नादी मी नाही लागत. माह्या डायरीत हाय सगळं." डायरी बंडीच्या खिशात. बंडी त्यांच्या अंगावर!

९ नोव्हेंबर, रविवार

रिकामी तारीख हिरवी, गेलेली लाल. यात न समजण्यासारखं काय आहे? माझ्या नवऱ्याला, दीपकलासुद्धा समजतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वेबसाईटवरून चौकशी आली. वराचं नाव देवानंद. अर्ज भरलाय बहिणीने - धम्मशीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ४ जानेवारी, रविवार, पाचशे माणूस. जानेवारीत आमच्याकडे कुत्रं फिरकत नाही, म्हणून मी खुशीत मामाजींना दाखवायला गेले.

त्यांनी चष्मा लावला. तारीख वाचलीच नाही, नावं वाचली. दोनदा.

"लाल कर."

"पण रिकामी आहे!"

"तोंडावर नाही म्हणता येत नाही आता, कायदा आडवा येते. अन् त्यायले दिलं तं बाकीचे लोक येतीन काय आपल्या इथं? लाल करून टाक, झालं."

केली लाल. एक क्लिक. इथे तरी खरं लिहावं - मला राग आला तो मामाजींचा नाही. त्या बाईचा! संग्रामपुरात दुसरी कार्यालयं काय ओस पडलीत? आमच्याच डोक्याला ताप कशाला?

१७ नोव्हेंबर, सोमवार

तिचा पुन्हा मेसेज. चार नसेल तर अकरा चालेल.

अकरा लाल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चिवट बाई! आता म्हणते, जानेवारीतला कोणताही दिवस सांगा, आम्ही जुळवून घेऊ. मामाजी जेवत होते. घास तसाच हातात - "अख्खा महिनाच लाल करून टाक ना वं! रोजचं लचांड कायले?"

केला. एक ते एकतीस. एकतीस क्लिक, बोट दुखलं. दीपक शेजारी बसून क्रिकेट बघत होता.

२ डिसेंबर, मंगळवार

आज तिचा फोन आला. आवाज अगदी शांत. त्या शांतपणाचीच मला आधी चीड आली.

"ताई, एक विचारू काय? पौषात तुमच्या इथं कोणाचे लग्नं होऊन राह्यले? रोज एक?"



ज्या घरात पौषात नवा झाडू आणत नाहीत, त्या घराने पौषात रोज एक लग्न लावलंय! देवघरात पंचांग, भिंतीवर कॅलेंडर, मामाजी तर दाढीलाही वार बघतात. आणि आम्हा कोणाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? तारीख बघत कोण होतं! नाव बघत होतो.

"तपासून सांगते," म्हणाले मी.

"तपासा. मी पोरायले तेच शिकवतो - आपलं गणित आपणच तपासावं."

फोन ठेवला तरी कान गरम होते. लाज वाटली. मी बुलढाण्याची बी.कॉम. झालेली मुलगी, आणि मला एका बाईने पहिलीच्या पोरासारखं बाकावर उभं केलं. तेही बरोबर केलं. दीपकला सांगितलं. म्हणे, "बाबाले विचार." बाबाला विचारल्याशिवाय या माणसाने मिशीसुद्धा ठेवली नसेल.

९ डिसेंबर, मंगळवार

आमच्या कॅलेंडरचा फोटो तालुकाभर फिरतोय. वर लिहिलंय - 'पौषात रोज लग्न लावणारं कार्यालय!' तिनेच टाकला असेल. टाकू दे.

आज वरवटचे माणिकराव आले. मुलीच्या लग्नासाठी फेब्रुवारीतली तारीख त्यांनी आमच्याकडे धरलीय. आत यायलाच तयार नाहीत, दारातूनच सुरू - "उत्तमराव, पौषात लग्नं लावता काय तुम्ही? तशा जागी माह्या पोरीच्या अक्षता नाही पडणार. माहा नारळ वापस द्या!"

मामाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. हो म्हणावं तर पौष. नाही म्हणावं तर मग लाल कशाला केलं? खांद्यावरचा दुपट्टा नुसता इकडून तिकडे. मी आत जाऊन पदर तोंडात धरून हसले. कित्येक महिन्यांत अशी हसले नव्हते. मग बाहेरून ऐकू आलं -

"सूनबाईची गलती हाय. तिले कंप्युटर येत नाही धड."

हसू जागच्या जागी मेलं.

११ डिसेंबर, गुरुवार

वेबसाईटवर टाकायचा मजकूर बापाने सांगितला, लेकाने लिहून घेतला. 'चुकून जानेवारीतल्या सर्व तारखा आरक्षित दिसत होत्या. चुकीबद्दल क्षमस्व. - प्राची.' म्हणे नाव तुझंच पाहिजे, तिथे तुझंच नाव आहे.

मी म्हटलं, चूक कोणाची?

सासूबाई मध्ये पडल्या. "घराची अब्रू वाचते तं टाक ना वं. तुहं काय जाते?"

टाकला. महिना पुन्हा हिरवा केला. माणिकरावांचा नारळ जागेवर राहिला, मामाजींनी रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आणि माझं काय गेलं ते या घरात कोणाला कळणार नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

किराणा दुकानात दोघी बायका माझ्याकडे बघून हसल्या. "पौषवाली." तेल न घेताच परत आले.

१५ डिसेंबर, सोमवार

धम्मशीलाबाईंचा मेसेज. 'चूक दुरुस्त झाली, वाचलं. बरं झालं. मग ४ जानेवारी द्या.'

बस्स, एवढंच. एक शब्द वाकडा नाही.

मामाजींना दाखवला. डोळे वर न करता म्हणाले, "मंग? कर लाल."

"पुन्हा?"

"एकच कर ना या बारी. तेवढी तारीख. कोणाच्या ध्यानात येते?"

या माणसाला काही म्हणजे काही वाटलेलं नाही! दीपककडे बघितलं. तो चार्जर शोधत होता.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी स्कूटीवर धम्मशीलाबाईंच्या घरी जाऊन आले. आधी माफी मागितली. लाल मीच करत होते, तेही सांगितलं. त्या लगेच 'बसा' म्हणाल्या नाहीत. मग चहा दिला. ४ जानेवारीचा शब्द मी दिला, पावतीही माझ्या सहीची.

घरी येऊन ४ जानेवारी लाल केली. मामाजींनी माझा मोबाईल मागून घेतला, बघितलं, मान डोलावली. "असं पाहिजे."

त्यांच्या डायरीत ती तारीख कोरी आहे. मी अजून सांगितलेलं नाही.