गाडीभोवतीची फेरी

अण्णा, तुमच्या नातीला लायसन मिळून बारा दिवस झाले, आणि गेले चार दिवस ती गाडीच्या किल्लीला हात लावत नाहीये. सोमवारपासून तिची नोकरी सुरू होतेय, के. आर. पुरमला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तीही सकाळी सहाची. आपण अजून बनशंकरीतच. एवढ्या सकाळी गाडीशिवाय तिथं पोचणं कठीण, आणि ती म्हणते, "आई, मी नोकरीच नको म्हणून कळवते." मला रागावावंसं वाटतंय, पण तिच्यावर रागावायचा हक्क माझा राहिलेला नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. हे कुठं पाठवायचं नाहीये, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

तुम्हाला आठवतंय ना, मला गाडी शिकवायला घेतलीत तेव्हा पहिले तीन रविवार तुम्ही मला आत बसूच दिलं नव्हतं. बोम्मसंद्र्याच्या कारखान्याची बस तुम्ही तीस वर्षं चालवलीत, आणि रोज निघण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायचात. चाकं बघायची, खाली वाकून बघायचं, मागं जाऊन उभं राहायचं आणि मगच चढायचं. आतली माणसं घड्याळ बघत असायची. तुम्ही म्हणायचात, "घाई त्यांना आहे, बस माझ्या हातात आहे." तीच फेरी मला आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीभोवती मारायला लावलीत. मी वीस वर्षांची. गल्लीतली पोरं हसतात, आणि मी गाडीला प्रदक्षिणा घालतेय. तुम्ही वर आणि सांगताय, "देवळात डोळे मिटलेस तरी चालेल, इथं नको." मला इतकी लाज वाटायची की काय सांगू.

चौथ्या रविवारी मी फेरी न मारताच सीटवर जाऊन बसले. तुम्ही बघितलंत आणि डाव्या सीटवर येऊन बसलात. मी ऐटीत आरसे बघितले, रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. गाडी हातभर मागं गेली असेल नसेल, तोच तुम्ही हँडब्रेक खेचलात. मी वैतागून मागं वळले. तेवढ्यात समोरच्या घरच्या अक्का गाडीच्या मागून उठून उभ्या राहिल्या, हातात रांगोळीचा डबा. आपल्याकडं सकाळी निम्मी गल्ली रांगोळी काढायला रस्त्यावर उकिडवी बसलेली असते, हे मला जन्मापासून माहीत, आणि तरी मी बघितलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. वाटलं, आता सगळ्यांदेखत थोबाडीत बसणार. तुम्ही खाली उतरलात, अक्कांची माफी मागितलीत, आणि त्यांच्या अर्ध्या रांगोळीशेजारी स्वतः उकिडवे बसलात. तिथून ओरडलात, "आरशात बघ. मी दिसतोय का?" मी तिन्ही आरसे बघितले. तुम्ही कुठंच नव्हतात. "नाही दिसत," म्हणाले आणि मला रडू फुटलं. तुम्ही मला रडू दिलंत. मग कपड्यांना लागलेली रांगोळी झटकत आलात आणि म्हणालात, "सरी, बरं, आता उतर. फेरी मार."

आता शनिवारचं सांगते. कोपऱ्यावर एक फुलवाली बसते, फार चांगली बाई. तुमच्या नातीनं तिथंच गाडी लावली होती, मी शेजारच्या सीटवर. निघताना तिनं पडद्यावर मागचा कॅमेरा बघितला, त्यावर चिखल उडालेला, काही नीट दिसत नव्हतं, तरी तिनं मागं घेतली. काहीतरी कडकड मोडलं. फुलवालीची टोपली चाकाखाली गेली होती. ती बाई एका गिऱ्हाइकाला माळ द्यायला नुकतीच उठली होती, म्हणून वाचली. शेवंती सगळी रस्त्यावर पसरली. ती भांडलीसुद्धा नाही. मला कानडीत एवढंच म्हणाली, "अम्मा, स्वल्प हिंदे नोडबेकल्वा." जरा मागं बघायला हवं होतं ना, एवढंच. आम्ही दोघी खाली बसून तिची फुलं वेचत राहिलो.

घरी आल्यावर माझं तोंड सुटलं. म्हटलं, "साधी एक फेरी मारता येत नाही गाडीभोवती?" पोरीनं माझ्याकडं बघितलं. उलट उत्तर नाही, काही नाही, खरंच न कळून विचारलं तिनं, "कुठली फेरी?"

अण्णा, तिला फेरी कुठून ठाऊक असणार? बावीस वर्षं ती माझ्या शेजारी नाहीतर मागं बसून फिरलीय. मला फेरी मारताना तिनं एकदाही बघितलेलं नाही. सिग्नलला फोन उचलताना बघितलंय, पिवळ्या दिव्यात गाडी दामटताना बघितलंय, चिखलाचा कॅमेरा उद्या पुसू म्हणताना तर शंभरदा. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी तिला वीस दिवस शिकवलं, मी बावीस वर्षं शिकवलं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तशातली गत झाली माझी. रात्रीची भांडी मी एकटीनंच घासली. मग सांगितलं की चूक माझी आहे. ती म्हणाली, "पण गाडी तर मी चालवत होते." बस माझ्या हातात आहे म्हणणाऱ्या तुमचीच नात ती.

इथवर काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी मी तिला हाताला धरून खाली नेलं आणि आम्ही दोघींनी मिळून गाडीभोवती फेरी मारली. कॅमेरा पुसला. ती गाडीखाली वाकून बघत होती तेव्हा गल्लीतली पोरं हसली, तर तिनं त्यांनाच बोलावून दाखवलं, इथं कुत्रं झोपलेलं असू शकतं म्हणून. मग ती चालवायला बसली. पहिली दोन वळणं गोगलगायीसारखी घेतली, मग सुटी झाली. सोमवारी जाईल, असं वाटतंय.

परत येताना तिनं विचारलं, "तुला आजोबांनी एवढं शिकवलं होतं, मग तू सोडलंस का?" मी म्हटलं, "आळस, दुसरं काय." तिला ते पटलं.

आळस नव्हता, अण्णा. तुम्ही गेलात तेव्हा ही जन्मायची होती; त्यानंतर महिनाभर मी मारत होते फेरी. पण फेरी मारायची म्हणजे डाव्या दारावरून जावं लागायचं, आणि दर वेळी काचेतून माझी नजर आत जायची. तुमची सीट रोज रिकामी बघणं मला जमेना. म्हणून मी सरळ उजव्या बाजूनं येऊन बसायला लागले.