धोंड्याच्या जेवणात स्फुरदाचा धूर

रा. रा. अंगदराव व्याही, मुक्काम धर्मापुरी, यांस तलवाड्याहून बजरंगाचा रामकृष्णहरी.

इकडं सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाईंची तब्येत, जावई भागवतराव आणि आमची सुकन्या यांची खुशाली कळवावी. (सुकन्या रोज फोन करते, पण पत्रात विचारायची रीत आहे.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुमच्याकडं फोन स्पीकरवर लावूनच बोलतात. पत्राचं तसं नाही. विहीणबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा तुमच्या खिशात असतो.

परवा धोंड्याच्या जेवणाला तुम्ही आमची लाज राखलीत. ते उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण परसातल्या खड्ड्यात तुम्ही जे पाहिलंत, त्याची मुळापासून हकिगत सांगणं माझं काम आहे.

झालं असं, की मागल्या महिन्यात शेतीचे एक साहेब गावात आले आणि पारावर बसून स्फुरदावर, म्हणजे खतातल्या फॉस्फरसवर, बोलले. नत्र म्हणे हवेतून ओढून कारखान्यात तयार करता येतं. स्फुरद मात्र खडकातूनच खणावं लागतं, तो खडक परमुलखात, आणि खणून संपला की नवा काही आपल्यासाठी उगवत नाही. कुणी म्हणतं लवकर संपेल, कुणी म्हणतं शेकडो वर्षं पुरेल. बाकीचे ऐकून चहाला गेले, माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला. डीएपी खताची गोणी आत्ताच मिळता मिळत नाही, मिळाली तर दुकानदार सोबत नको ती बाटली गळ्यात मारतो. मग सुकन्येच्या लेकरांनी काय पेरायचं? आपण ज्वारी पुण्याला पाठवतो, तिच्यासोबत रानातलं स्फुरदही जातं, आणि पुण्याहून माघारी काही येत नाही (पुतणे येतात, पण सणाला, आणि जाताना आणखी ज्वारी नेतात). साहेबांना विचारलं, आपल्या गावात स्फुरद कुठं सापडेल? ते म्हणाले, हाडांत.

आता मी माळकरी. आमच्या चुलीनं अंडंसुद्धा पाहिलेलं नाही. पण त्याच आठवड्यात चुलतभाऊ अभिमन्यूची कंदुरी होती, दर्ग्याला बोललेल्या नवसाचं बोकडाचं जेवण. दरसाल मी माळकऱ्यांच्या वेगळ्या पंगतीत वरणभात खाऊन गुमान घरी येतो. यंदा पोतं घेऊन दुसऱ्या पंगतीत शिरलो आणि पत्रावळींवरची हाडं वेचली. घरी येईस्तोवर गावातली सगळी कुत्री माझ्या मागं, आणि कुत्र्यांच्या पुढं बातमी, की बजरंगानं माळ काढली, अन् तीही उष्ट्यासाठी. मला दुःख वेगळंच होतं. ही कुत्री इतकी वर्षं हाडं नेऊन बांधापलीकडच्या आमच्या शेजाऱ्याच्या, हनुमानाच्या, रानात पुरत आलीत. त्याची कपाशी आमच्यापेक्षा सरस का येते, हे मला आत्ता कळलं.

हाडं भाजायची, कुटायची, रानात टाकायची, असा बेत होता. पण कुत्री परसातून हलेनात. म्हणून तुम्ही यायच्या दिवशी पहाटेच खड्ड्यात गोवऱ्या रचल्या आणि पोतं पेटवलं. तुम्ही येईपर्यंत निवेल, असा अंदाज. पण हाड म्हणजे काही कडबा नव्हे. ते दुपारपर्यंत धुमसत राहिलं, आणि नेमके ताटात पुरणाचे धोंडे वाढले, वर तूप पडलं, तेव्हा वारं फिरलं.

विहीणबाईंनी उचललेला घास खाली ठेवला. अधिक महिना, माळकऱ्याचं घर आणि हा वास! सुकन्येचा चेहरा उतरला. लग्नाला अजून वर्ष नाही. सासू भरल्या ताटावरून उठली असती, तर ते पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. तेवढ्यात तुम्हीच उठलात, परसात गेलात, खड्ड्यात वाकून पाहिलंत आणि परत आलात. मी मनात विठ्ठलाला आळवत होतो. तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, "गवऱ्या वल्या हायत. त्याचाच वास हाय. जेवा आता."

ज्या माणसाला खोटं ठाऊक नाही तो माझ्या लेकीसाठी खोटं बोलला, आणि वर आणखी एक धोंडा मागून घेतला. अंगदराव, माझ्या डोळ्यांत पाणी आलं (घरच्यांना धुराचं कारण सांगितलं). पोर योग्य घरी दिली याचं समाधान मला लग्नातसुद्धा इतकं झालं नव्हतं. हाडं वेचायचा नाद मी आता सोडला आहे. माळेवर हात ठेवून लिहितोय.

तुमचा ऋणी,
बजरंग

ता. क. तुमच्याकडं अधिक सरल्यावर कंदुरी आहे असं ऐकतो. शपथ वेचण्यापुरती आहे, मागवण्याला नाही. एखादं पोतं जमलं तर पाहा. विहीणबाईंना कळू देऊ नका, विचारलंच तर ओल्या गोवऱ्या म्हणा.

दुसरा ता. क. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलं. आत्ताच सुकन्येचा फोन आला. विहीणबाईंनी वास तेव्हाच ओळखला होता. तिला म्हणाल्या, "वली गवरी मला वळखू येत न्हाई व्हय? पर मालक जन्मात पयल्यांदा खोटं बोलले, ते बी सुनेसाठी. मग म्या कावून उठू?" परसातल्या लिंबाला घालायला त्यांना त्या खड्ड्यातली डबाभर राख हवी आहे, आणि तुम्हाला हे कळता कामा नये अशी ताकीद आहे. डबा भरून ठेवला आहे. न्यायला तुम्हीच या, आणि आत काय आहे ते विचारू नका.