काही नाही, डॉक्टर

प्रिय सौरभ,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले. खोडणार होते, पण पेन नर्सचा आहे आणि शाई थोडी आहे, पुढं लागेल.

मी दवाखान्यात आहे हे तुला फोनवर कळलंच आहे. बीपी वाढलंय, एवढं सांगितल्यावर तू म्हणालास, अगं, सातव्या महिन्यात वाढतंच थोडं, टेन्शन घेऊ नकोस. मग कॉलिंग कार्ड संपत आलं. तुझं कार्ड नेहमी मी बोलायला लागले की संपत येतं. म्हणून हे पत्र. तिकडं न्यू जर्सीत बसून कागदाचं बोलणं तुला मध्येच तोडता येणार नाही. नीट बस आणि शेवटपर्यंत वाच.

हिंजवडीच्या ऑफिसचं कॅन्टीन आठवतं? तू लग्नाचं विचारलंस, तेव्हा हो म्हणायच्या आधी मी तुला माझ्या किडनीचं सांगितलं होतं. दहावीत असताना तोंड सुजून भोपळा झालं होतं, लघवीतून रक्त जात होतं, बोर्डाची परीक्षा बुडाली होती. तेव्हापासून किडन्या कमजोर आहेत आणि बीपीची गोळी रोज घ्यावी लागते, हे मी काही लपवलं नाही. तू माझ्या ताटातला पापड मोडून घेतलास आणि म्हणालास, मग काय झालं? त्या 'मग काय झालं'वर मी भाळले, मूर्खासारखी. पुढचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. घरी एवढ्यात सांगू नकोस, आई घाबरेल, लग्न होऊ दे. विहारात लग्न झालं. मग म्हणालास, बहिणीचं जमू दे. मग म्हणालास, अमेरिकेतलं ऑनसाइटचं काम नक्की होऊ दे. मी धायरीच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराची कडी लावून गोळी घेत राहिले, आणि तुझी आई मला विचारत राहिली, पोटाचा काही त्रास आहे का गं, इतका वेळ लागतो.

दिवस राहिले तेव्हा कात्रजच्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ही गोळी पोटातल्या बाळाला चालत नाही, दुसरी देतील, पण बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना पहिल्याच भेटीत सगळं सांग. हे मी तुला शब्दन् शब्द सांगितलं होतं. पहिल्या भेटीला तू, मी आणि तुझी आई, असे आपण तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी सरळ माझ्याकडं बघून विचारलं, आधीचा काही आजार? किडनी, डायबेटिस, बीपी? मी तोंड उघडलं, आणि तू टेबलाखाली माझा हात दाबून हसत म्हणालास, काही नाही, डॉक्टर, एकदम फिट आहे. एकदम फिट! जणू सेकंडहँड स्कूटर विकत होतास. बाईंनी तेच लिहून घेतलं. पंधरवड्यात तू विमानात बसलास.

पुढची कथा फोनवरची. नेटवर वाचून तूच फर्मान काढलंस, ती जुनी गोळी बंद कर. केली. नवी द्यायची कुणी? जिला द्यायची तिला तर आपण काही नाही म्हणून आलो होतो. मी एकटी जाऊन सांगते म्हटलं, तर तू म्हणालास, आईला कळेलच, मी आलो की मीच सांगतो. आणि आई काही मला एकटीला सोडत नव्हत्या. प्रत्येक तपासणीला स्वारगेटच्या त्या गर्दीत रिक्षावाल्याला, हळू घे रे बाबा, पोरगी पोटुशी आहे, असं दटावत त्या माझ्याबरोबर यायच्या. बीपी चढत गेलं, आणि डॉक्टरीणबाई मला धडधाकट बाईला द्यायचा तोच सल्ला देत राहिल्या. मीठ कमी करा, आराम करा. त्यांची काय चूक?

गेल्या रविवारी डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, कासारीण घरी आलेली. पण बांगडी काही हातावर चढेना. साबण लावला, तेल लावलं, शेवटी तिनं सगळ्यांत मोठ्या मापाची काढली, तीही अंगठ्यापाशी अडकली. बायका हसत होत्या, बाळ गुटगुटीत आहे म्हणत होत्या. माझं डोकं सकाळपासून फुटत होतं आणि आता डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. आई माझा हात दाबून बांगडी सरकवत होत्या, आणि मला तू दाबलेला हात आठवला. तिथंच, सगळ्या बायकांच्या देखत, मी भडाभडा बोलून टाकलं. किडनी, गोळ्या, तुझं ते एकदम फिट, सगळं.

मला वाटलं, आता माझी धडगत नाही. आईंनी फक्त विचारलं, डोळ्यांपुढं कधीपासून चमकतंय? आणि म्हणाल्या, चपला घाल. जेवणाची पानं तशीच टाकून आम्ही निघालो. रिक्षात त्यांनी जे सांगितलं ते तुला माहीत नाही. तुझ्याआधी त्यांना एक मुलगी झाली होती. आठव्या महिन्यात असंच डोकं दुखलं, असंच चमकलं, मग आकडी आली. त्या वाचल्या, मुलगी गेली. घरातल्यांनी बजावलं, कुठं बोलायचं नाही, नाहीतर धाकट्या नणंदेला कुणी स्थळ आणणार नाही. सौरभ, तुझ्या आईला या दुखण्याचं सगळं ठाऊक होतं रे! तू जिच्यापासून लपवत होतास, त्या एकट्या बाईनं मला पहिल्या दिवशीच डॉक्टरांसमोर बोलायला लावलं असतं.

डॉक्टरीणबाई भयंकर चिडल्या. आम्ही आजार उगाच विचारतो का, म्हणाल्या. किडनीचं दुखणं असो, डायबेटिस असो, बीपी आधीपासूनचं असो, अशा बाईचं बीपी गरोदरपणात भडकायचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त. आधी कळलं असतं तर सुरुवातीपासून वेगळी औषधं दिली असती, सारखी लघवी-रक्त तपासलं असतं. धोका गेला असता असं नाही, पण आपण सावध तरी असतो. मी मान खाली घालून बसले होते. आई ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हिला बोलू नका, माझ्या मुलानं खोटं सांगितलंय. तू फोन करतोस तेव्हा मी सांगते ना, आई झोपल्यात? झोपलेल्या नसतात. माझ्या शेजारी बसलेल्या असतात. त्यांना तुझ्याशी बोलायचं नाहीये.

मलाही नव्हतं. इतका राग आलाय की तो लिहितानासुद्धा मशीनवर आकडा चढतोय, नर्स ओरडतेय. तू वाईट माणूस असतास तर बरं झालं असतं. तू गोड आहेस. गोड बोलून तू माझं तोंड बंद केलंस, आणि मी त्याला प्रेम समजत राहिले.

आता हे का लिहिलं ते सांगते. किडन्या थकल्यात, बाळ वाढत नाहीये. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, या आठवड्यात बाळ काढावं लागेल, आणि दोघंही सुखरूप राहतील असं आत्ता सांगता येणार नाही. तुझं तिकीट डिलिव्हरीच्या तारखेचं आहे, म्हणजे आमच्या कामाचं नाही. हे पत्र पोचेल तेव्हा काय झालं ते तुला कळलेलं असेल. मी असले, तर आल्याबरोबर आधी डॉक्टरीणबाईंकडं जा आणि खोटं बोललो म्हणून सांग. मग माझ्यासमोर ये. मी नसले आणि बाळ असलं, तर एवढंच कर. मुलगी असेल तर मोठी होईल, तिलाही दिवस राहतील, आणि कुणीतरी डॉक्टर विचारतील, आईला काय आजार होता? त्या वेळी तू शेजारी असशील. तिचा हात दाबू नकोस. सगळं सांग.

अजून तरी तुझीच,
चैताली