काळजीचे कारण नाही

दि. ९ मार्च

माननीय डॉक्टरसाहेब,

सविनय नमस्कार. आपले सांत्वनाचे पत्र मिळाले. माझी प्रकृती बरी आहे. आपलीही असावी, निदान आवाजावरून तरी काल संध्याकाळपर्यंत होती.

आपण लिहिता की आपली-माझी ओळख नाही. ते अर्धेच खरे आहे. आरोग्य खात्याच्या वतीने आपण रोज संध्याकाळी रेडिओवर बोलता, आणि तेवढा वेळ आमच्या स्वयंपाकघरात मला तोंड उघडण्याची मुभा नसे. "अहो, गप्प बसा ना जरा, डॉक्टर बोलताहेत!" हातातली सुरी खाली ठेवून, हात पुसत माझी बायको रेडिओजवळ येऊन बसे. माझे बोलणे ऐकण्यासाठी तिने कधी सुरी खाली ठेवल्याचे मला स्मरत नाही.

मी हवामान खात्यात नोकरी केली. वादळाची नुसती शंका आली तरी इशारा प्रसिद्ध करायचा, ही आमची शिस्त. वादळ आले नाही की लोक हसत. आम्ही ते ऐकून घेत असू. घरीही तेच. "हे 'शक्यता आहे' म्हणाले की मी खुशाल कपडे बाहेर वाळत घालते," असे ती चारचौघांत सांगे. आपण मात्र कधी 'शक्यता' हा शब्द वापरला नाहीत. आपण म्हणत असा, "काळजीचं कारण नाही." साठी उलटलेल्या गृहस्थाने एका रेडिओवर जळावे हे हास्यास्पद आहे, हे मला कळते. तरीही मी जळत होतो.

आमच्या घरी भरणाऱ्या तिच्या शिवणवर्गाच्या आदल्या संध्याकाळी मी म्हणालो, "औषधाच्या दुकानात तापाच्या गोळ्या संपल्यात. साथ आली असण्याची शक्यता आहे. उद्या वर्ग भरवू नकोस."

"झाली तुमची शक्यता सुरू! डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं ना?"

"मीसुद्धा काहीतरी सांगतोच आहे."

"तुम्ही बोलता हो. ते सांगतात."

आणि तिने वर्गातल्या सगळ्या बायकांना फोन केले. "या गं, डॉक्टर म्हणालेत, काही होत नाही." त्या आल्या. मशिनच्या खडखडाटात एकमेकींना ऐकू यावे म्हणून, एकमेकींच्या तोंडाशी तोंड नेऊन, दुपारभर बोलत बसल्या.

तिच्यासह तिघी गेल्या. इतर दोघींच्या घरची माणसे मला पाहून रस्ता ओलांडतात. "डॉक्टरांना ठाऊक असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का? दुखणं तुमच्याच घरून आलं," असे मला तोंडावर ऐकवले गेले आहे.

आता आपण कळवता की त्या संध्याकाळी साथीचे अहवाल आपल्या टेबलावर होते, परंतु गप्प राहण्याचा वरून आदेश होता. हे आपण चौकशी समितीला बंद दाराआड सांगणार आहात, आणि मी क्षमा करावी.

क्षमेचे नंतर पाहू. आधी एक गोष्ट सांगतो, जी मी आमच्या मुलीलाही सांगितलेली नाही. इस्पितळातून बायकोचा शेवटचा फोन आला. धाप लागली होती. मी कसा आहे, जेवलो की नाही, यातले काही तिने विचारले नाही. विचारले ते एवढेच, "आज डॉक्टर काय म्हणाले?"

त्याच संध्याकाळी आपण साथ आल्याचे अखेर जाहीर केले होते. मी म्हणालो, "काळजीचं कारण नाही म्हणाले."

"मग बरं," ती म्हणाली.

एवढ्या संसारात तिने माझे म्हणणे निमूटपणे मानले ते त्या एकाच वेळी, आणि ते वाक्यही आपलेच होते.

समितीचे दार हवे तर बंद असू द्या. आपण रेडिओवर, त्याच वेळी, त्याच आवाजात सांगा की आपल्याला ठाऊक होते आणि आपण उलटे सांगितलेत. मी सांगून उपयोग नाही. मी नुसता बोलतो. त्या दोन घरांतही अजून आपलेच ऐकतात.

रेडिओ तिने ठेवलेल्या जागीच आहे. मी तो रोज लावतो, आणि आपण बोलू लागलात की अजूनही गप्प बसतो.

आपला नाइलाजाने श्रोता,
तिचा नवरा