दारावरचा शब्द

३ तारीख
कडी लावून जगणाऱ्या बायांनो, तुमचे पत्ते दुसऱ्याच्या कपाटात असतात, आणि त्याला कुलूप कसलं हे तुम्हाला कुणी विचारत नाही. मी विचारणार! आज आश्रयकेंद्रात संगणक सांभाळायला रुजू झाले. खिडकीजवळची खुर्ची, हसरी माणसं. नवऱ्यांपासून लपलेल्या बायका गावभर विखुरल्यात. माग लागू नये म्हणून त्यांच्याकडे फोन नाहीत. आमचं माणूस दाराशी जाऊन तिचा ठरलेला शब्द म्हणतं, मगच कडी निघते. कर्मचाऱ्यांनाही हाच नियम. मी निवडला ‘उलटी छत्री’. संचालिकाबाई, म्हणजे सगळ्यांच्या ताई, म्हणाल्या, डोक्यावर पडलीस की काय! संध्याकाळी पत्ते, शब्द, सगळ्या माहितीचा बॅकअप डिस्कवर घेतला. डिस्क करकरत होती, म्हणून ताईंनी ती दुरुस्तीला धाडली.

४ तारीख
बॅकअपचा पासवर्ड विचारला. ताईंनी अभिमानानं बाहेरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे रंगवलेली घोषणाच! कुणी विसरू नये म्हणून. मी कपाळावर हात मारला. दिवसभर भांडले: एकच किल्ली सगळ्यांकडे नको. दोन किल्ल्यांची पद्धत घेऊ. एकीनं कुणीही कुलूप लावावं, उघडणारी मात्र फक्त तिजोरीत. शेवटी ताई म्हणाल्या, कर बाई तुझ्या मनासारखं.

६ तारीख
नवं एन्क्रिप्शन लागलं. डिस्क आणायला गेले. दुकानदार म्हणतो, तुमचाच माणूस घेऊन गेला. आमचं कुणीच गेलं नव्हतं. नवं कुलूप नव्या प्रतींना. त्या जुन्या प्रतीपर्यंत माझा हात पोचत नाही.

७ तारीख
भर दुपारी आमच्या यादीतल्या शिंपीणबाईंकडे गेले. शिवणयंत्राचा दिवा चालू, सुईखाली लेकीचा अर्धा फ्रॉक. माणूस नाही. दारावर ओरखडासुद्धा नाही, कडी आतून काढलेली. शेजारीण म्हणाली, कुणीतरी बाहेरून काही बोललं, अगदी मायेनं.

८ तारीख
आणखी दोन घरं तशीच रिकामी. पोलिस म्हणतात, दार फोडलेलं नाही, म्हणजे आपणहून गेल्या.
इशारा द्यायला दारोदार फिरते. पण दार उघडायला तोच शब्द म्हणावा लागतो — बाई हसत कडी काढते — मी सांगते, हा शब्द म्हणणाऱ्याला आत घेऊ नकोस. ती माझ्याकडेच बघत राहते. नवा शब्द देते म्हटलं, तर म्हणाली, “आणि तो कुठे लिहिणार?”
दार लावून घेतलं.

९ तारीख
ताई फोन उचलत नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं नाही, तरी दाराशी कुणीतरी —
ताईंचा आवाज. अगदी मायेनं. “उलटी छत्री.”
ताईच असतील. नसतील तर —
माझाच हात कडीकडे —
बायांनो, एवढं एकच करा. शब्द बरोबर आला, तरी कडी काढू न—